एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टम: हार्ड डिस्कचं पार्टिशन कसं करायचं आणि कुठे थांबायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला आणि त्यानंतर मला घरातून, मित्रांकडून एकच प्रश्न यायला लागला: "लॅपटॉप चालतोय नीट, पण विंडोज ११ घेत नाही. मग टाकून द्यायचा का?" माझं उत्तर सहसा असं असतं: टाकू नका. विंडोज राहू द्या, त्याच डिस्कवर थोडी जागा काढा आणि शेजारी लिनक्स टाका. याला ड्युअल बूट म्हणतात. त्यासाठी हार्ड डिस्कचं पार्टिशन करावं लागतं, आणि सगळी भीती तिथेच असते.

भीती खोटी नाही. मी स्वतः यात एकदा हात भाजून घेतलाय. ते पुढे सांगतोच. आधी पार्टिशन म्हणजे काय ते समजून घेऊ.

पार्टिशन म्हणजे नेमकं काय?

मी लालबागच्या चाळीत वाढलो, त्यामुळे हा शब्द मला कॉम्प्युटरच्या आधी घरात भेटला. एकच खोली, मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे झोपायचं, पलीकडे स्वयंपाक. पार्टिशन घातल्याने खोली मोठी होत नाही. आहे त्याच जागेची वाटणी होते. एक बाजू वाढवायची तर दुसरी कमी करावी लागते, आणि पार्टिशन सरकवायच्या आधी तिथलं कपाट, ट्रंक, गाद्या हलवाव्या लागतात. देव्हारा आणि मोरी मात्र हलत नाहीत, त्यामुळे पार्टिशन त्यांच्यापर्यंतच सरकतं.

हार्ड डिस्कमध्ये हेच होतं. डिस्क एकच असते. तिच्या सुरुवातीला एक छोटी यादी लिहिलेली असते: पहिला भाग इथून इथपर्यंत, दुसरा तिथून तिथपर्यंत. या यादीला पार्टिशन टेबल म्हणतात. तुम्हाला दिसणारे सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह या वेगळ्या वस्तू नाहीत. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या एकाच डिस्कवरच्या दोन खोल्या असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी नेमकं हेच विसरलो होतो.

तुमच्या फोनमध्येसुद्धा पार्टिशन असतात. १२८ जीबीचा फोन घेतला तरी वापरायला तेवढी जागा मिळत नाही, कारण काही भाग सिस्टमसाठी आणि काही फोन सुरू होण्यासाठी राखलेला असतो. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून तर अनेक फोनमध्ये सिस्टमच्या काही पार्टिशनच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. तुम्ही एका प्रतीवर फोन वापरत असता तेव्हा अपडेट दुसरीवर बसतं. फोन रीस्टार्ट झाला की दुसरी प्रत पुढे येते, आणि काही बिघडलं तर परत पहिलीवर जाता येतं. फरक इतकाच की फोनमध्ये ही वाटणी कंपनी करते. लॅपटॉपमध्ये ती तुम्हाला करता येते.

एमबीआर आणि जीपीटी

पार्टिशन टेबल लिहिण्याच्या दोन पद्धती तुम्हाला भेटतील.

एमबीआर: जुनी पद्धत, १९८३ पासूनची. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळं बसवलेलं. त्यातले फक्त ६४ बाइट्स यादीसाठी आणि प्रत्येक नोंद १६ बाइट्सची, म्हणून मुख्य पार्टिशन जास्तीत जास्त ४. नेहमीच्या डिस्कवर साधारण २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजताच येत नाही.

जीपीटी: नवी पद्धत. विंडोजमध्ये १२८ पर्यंत पार्टिशन होतात आणि यादीची एक प्रत डिस्कच्या शेवटी पण ठेवलेली असते. सुरुवातीची यादी खराब झाली तरी शेवटची कामाला येते.

विंडोज ८ किंवा त्यानंतरची सिस्टम कंपनीकडूनच बसवून आलेल्या लॅपटॉपवर बहुधा जीपीटीच असते. तपासायचं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, "डिस्क मॅनेजमेंट" उघडा, डावीकडे "डिस्क ०" वर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज" आणि मग "व्हॉल्यूम्स" बघा. "पार्टिशन स्टाइल" समोर लिहिलेलं असतं.

तिथेच तुम्हाला सी ड्राइव्हच्या आजूबाजूला एक-दोन छोटे, नाव नसलेले भाग दिसतील. १०० एमबीच्या आसपासचं "ईएफआय सिस्टम पार्टिशन" आणि एखादं "रिकव्हरी". नवीन माणूस म्हणतो, हे फुकट जागा खातंय, उडवून टाकू. अजिबात उडवू नका. ईएफआय पार्टिशन म्हणजे चाळीच्या दारातला नावांचा बोर्ड: कोण कोणत्या खोलीत राहतं. लॅपटॉप सुरू होताना आधी हा बोर्ड वाचतो. उद्या लिनक्स आलं की त्याचंही नाव याच बोर्डावर लागणार आहे.

आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच का दिसते? कोणी फसवलेलं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. आकडा बदलतो, जागा तेवढीच असते.

माझी चूक

२०१६ ची गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात एकच लॅपटॉप, सगळ्यांचा मिळून. उबुंटू १६.०४ नुकतंच आलं होतं आणि कॉलेजमधल्या मित्राने पेन ड्राइव्ह बनवून दिला होता. रात्री सगळे झोपल्यावर मी इन्स्टॉल करायला बसलो.

इन्स्टॉलरने विचारलं काय करायचं. एक पर्याय होता "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू". मी मनात म्हटलं, विंडोज सी ड्राइव्हमध्ये आहे, ते गेलं तरी चालेल, फोटो तर डी मध्ये आहेत. आणि "इन्स्टॉल नाऊ" दाबलं. इन्स्टॉलरने सी म्हटलंच नव्हतं. त्याने डिस्क म्हटलं होतं. अर्ध्या तासात उबुंटू छान सुरू झालं आणि डी ड्राइव्ह नावाची गोष्टच उरली नाही.

त्या डी ड्राइव्हमध्ये आजीचे फोटो होते. आईची आई. तिची पंचाहत्तरी, तिचा शेवटचा गणपती. ती आदल्या वर्षीच गेली होती.

नंतर मी "फोटोरेक" नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने दोन दिवस डिस्क पिंजून काढली. ते बऱ्यापैकी चालतं, कारण पार्टिशन उडवलं की यादी जाते, आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. जिथे नवीन काही लिहिलं गेलं नाही तिथलं बरंच परत मिळतं. पण उबुंटूने स्वतःचे काही जीबी त्याच डिस्कवर लिहिले होते. काही शे फोटो परत आले, नावं नाहीत, तारखा नाहीत, काही अर्धे करडे. पंचाहत्तरीचे मिळाले नाहीत. आई तेव्हा काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, अशी चूक झाली तर त्या क्षणी लॅपटॉप बंद करा. त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्यावर टाकू नका. फक्त यादी बिघडली असेल तर "टेस्टडिस्क" ती पुन्हा उभी करू शकतं. दोन, हे सगळं फिरत्या हार्ड डिस्कचं झालं. तुमच्याकडे एसएसडी असेल तर इतकी आशा ठेवू नका. एसएसडीला "ट्रिम" नावाचा आदेश जातो: ही जागा आता रिकामी आहे. मग ती जुना मजकूर स्वतःच साफ करून टाकते. तिथे फोटोरेकलाही बहुतेक काही सापडत नाही.

खरंच पार्टिशन हवंय का?

प्रत्येकाला ड्युअल बूटची गरज नसते. आधी हे पर्याय बघा.

१. फक्त लिनक्स कसं दिसतं ते बघायचंय: पेन ड्राइव्हवरून "लाइव्ह" चालवा. इन्स्टॉल न करताच डेस्कटॉप उघडतो. वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतात का तेही कळतं.

२. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्सच्या कमांड हव्यात: विंडोजमधलं "डब्ल्यूएसएल" पुरेसं आहे.

३. रॅम ८ जीबी किंवा जास्त आहे आणि कधीतरीच लागतं: "व्हर्च्युअलबॉक्स" वापरा. विंडोजच्या आत एका खिडकीत लिनक्स चालेल, डिस्कची वाटणी करावी लागणार नाही.

४. लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क लावायची जागा आहे: दुसरी एसएसडी घ्या आणि लिनक्स त्यावर टाका. सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच.

लॅपटॉप जुना आहे, रॅम कमी आहे, रोज लिनक्स वापरायचंय आणि तरी विंडोज सोडता येत नाही? मग ड्युअल बूट तुमच्यासाठी.

गिरगावचा लॅपटॉप

माझ्या मावसबहिणीचं नेमकं असंच होतं. मावशी गिरगावात ठाकुरद्वारजवळ राहते. लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा कोअर आय ३, रॅम ४ जीबी, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचे चालतात, म्हणजे हा लॅपटॉप बादच. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी वर्षभर जादा सिक्युरिटी अपडेट द्यायची योजना आणली होती, पण ती तात्पुरती सोय. बहिणीला पायथॉन शिकायचं होतं आणि काकांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. एकाच घरात दोन बिऱ्हाडं हवी होती.

मी बॅग खाली ठेवतोय तोच ती म्हणाली, "दादा, फोटो जाणार नाहीत ना?"

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यात आईचे पण आहेत रे. पंचाहत्तरीचे. काकांनी कॅमेऱ्यातून टाकले होते."

म्हणजे जे मी लालबागला घालवले त्यांची दुसरी आणि एकुलती एक प्रत याच डिस्कवर होती. मी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी आम्ही दोघं चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरचा माणूस त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि ४ जीबीची रॅमची पट्टी घेतली.

पायरी १: बॅकअप

सगळे फोटो, कागदपत्रं, काकांचा हिशोबाचा डेटा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केला. मग ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून दहा-बारा फोटो उघडून बघितले. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की बॅकअप झाला. आजीचे फोटो वेगळे काढून मावशीच्या आणि आईच्या गूगल अकाउंटवर पण चढवले. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय पुढची पायरी करायची नाही, हा माझा नियम आहे.

याच वेळी "क्रिस्टलडिस्कइन्फो"ने डिस्कची तब्येत बघून घ्या. "गुड" ऐवजी "कॉशन" दिसलं तर पार्टिशनच्या फंदात पडू नका. डिस्कच बदला.

पायरी २: बिटलॉकर तपासा

ही पायरी लोक हमखास विसरतात. अनेक लॅपटॉपवर विंडोज डिस्क कुलूपबंद करून ठेवतं, तुम्हाला न विचारता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे बहुतेक मशीनवर आपोआप सुरू होतं. पार्टिशन किंवा बूटच्या सेटिंग बदलल्या की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा समोर असून तुमचा नाही.

सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा "बिटलॉकर" शोधा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावरून रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका! त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा.

पायरी ३: फास्ट स्टार्टअप बंद

विंडोज "शट डाउन" म्हणतं तेव्हा ते पूर्ण बंद होतंच असं नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून अर्धवट झोपतं आणि डिस्कवर "मी अजून इथेच आहे" अशी खूण ठेवतं. अशा अवस्थेत लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला गेलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून लिनक्स ते फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये "पॉवर ऑप्शन्स", मग "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", आणि "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" ची खूण काढा.

पायरी ४: जागा मोकळी करा

आता खरं पार्टिशन. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच हत्याराने लहान करा. ते आपल्या फाइल्स ओळखतं.

डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करा, "श्रिंक व्हॉल्यूम" निवडा. विंडोज विचारेल किती एमबी कमी करायचे. १०० जीबी हवे असतील तर १०० गुणिले १०२४, म्हणजे १०२४०० लिहा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागतात, १०० जीबी असले तर आरामात राहता येतं. विंडोजकडेही अपडेटसाठी ३०-४० जीबी मोकळे राहू द्या.

मावशीच्या लॅपटॉपवर ५०० जीबीपेक्षा जास्त जागा रिकामी होती आणि विंडोज म्हणालं, फक्त ४१ जीबी काढता येतील. बहीण म्हणाली, "खोटं बोलतंय." खोटं नाही. हा तो देव्हारा आणि मोरी. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टम रिस्टोअरच्या प्रती डिस्कच्या मधेच बसलेल्या असतात आणि विंडोज चालू असताना हलत नाहीत. हायबरनेशन, सिस्टम प्रोटेक्शन आणि व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद केली, रीस्टार्ट केलं, फिरती डिस्क असल्यामुळे एकदा डीफ्रॅगमेंट केलं. आता मर्यादा चारशेच्या पुढे गेली. आम्ही १०० घेतले आणि पेजफाइल व सिस्टम प्रोटेक्शन परत चालू केलं.

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीखाली "अनअलोकेटेड" असं लिहिलेलं दिसेल. ती तशीच सोडा. "न्यू व्हॉल्यूम" करू नका, ड्राइव्हला अक्षर देऊ नका. एकदा विंडोज रीस्टार्ट करून ते नीट सुरू होतंय हे बघा.

पायरी ५: पेन ड्राइव्ह बनवा

मी लिनक्स मिंट निवडलं, कारण विंडोजची सवय असलेल्याला ते परकं वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅम असेल तर "एक्सएफसीई" आवृत्ती घ्या, ८ असेल तर "सिनॅमन". आपल्याकडे सी-डॅकने बनवलेली "बॉस" ही लिनक्सही आहे, डेबियनवर आधारित. पण पहिल्यांदा करताय तर मिंट किंवा उबुंटू बरं, अडलात की मदत पटकन सापडते.

फाइल अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिथे दिलेला चेकसम जुळतो का बघा. "रूफस" वापरून पेन ड्राइव्ह बनवा. किमान ८ जीबीचा घ्या. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, त्यामुळे रूफसमध्ये एक्स्टर्नल डिस्क चुकून निवडली नाहीये ना, हे दोनदा बघा. आमची एक्स्टर्नल डिस्क तेव्हा मावशीच्या कपाटात होती, मुद्दाम.

पायरी ६: इन्स्टॉल

चार्जर लावून बसा. दक्षिण मुंबईत बेस्टची वीज सहसा जात नाही, पण जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो.

लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा: डेल, लेनोवोमध्ये बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९. पेन ड्राइव्ह निवडा. मिंट लाइव्ह उघडेल. आधी वाय-फाय आणि आवाज तपासा, मग "इन्स्टॉल" वर क्लिक करा.

"इन्स्टॉलेशन टाइप" चं पान आलं की हात कीबोर्डवरून काढा आणि वाचा. तीन पर्याय दिसतात:

- विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा: चालतं, पण जागेची वाटणी इन्स्टॉलर ठरवतो.
- "इरेज डिस्क": माझी २०१६ ची चूक. यात सी, डी, रिकव्हरी, सगळं जातं.
- "समथिंग एल्स": हा निवडा.

आता डिस्कवरच्या पार्टिशनची यादी दिसेल. इथे सी, डी अशी नावं नसतात, एसडीए १, एसडीए २ अशी असतात. म्हणून आकारावरून ओळखा. "फ्री स्पेस" लिहिलेली, आपण काढलेल्या १०० जीबीची ओळ निवडा. अधिकचं चिन्ह दाबा. "यूज ॲज" मध्ये "ईएक्सटी ४", "माउंट पॉइंट" मध्ये एक तिरकी रेघ. बस. वेगळं स्वॅप पार्टिशन करायची गरज नाही, मिंट स्वतः स्वॅप फाइल बनवतं. ईएफआय पार्टिशनला हात लावू नका. ते फॉरमॅट होणार नाहीये हे बघा.

"इन्स्टॉल नाऊ" दाबल्यावर कोणकोणते बदल होणार त्याची यादी येते. ती मोठ्याने वाचा. आम्ही तसंच केलं: मी वाचत होतो, बहीण कागदावरच्या आकड्यांशी जुळवत होती. एनटीएफएस लिहिलेलं कुठलंही पार्टिशन फॉरमॅट होणार असं दिसलं तर मागे जा. इथपर्यंत डिस्कवर काहीही बदललेलं नसतं. पुढचं बटण दाबलं की बदलतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये "इंटेल आरएसटी" किंवा "व्हीएमडी" चालू असण्याची शक्यता आहे. ते थेट बंद केलंत तर विंडोज सुरू होणं थांबू शकतं. तिथे थांबा आणि जाणकाराला विचारा.

नंतरच्या चार गोष्टी

घड्याळ: लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लॅपटॉप बिघडलेला नाही. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेत ठेवतं, विंडोज तीच वेळ भारतातली समजतं. विंडोजच्या "डेट अँड टाइम" मध्ये "सिंक नाऊ" दाबलं की ठीक होतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की कायमचं सुटतं.

फाइल्स: लिनक्सला विंडोजच्या फाइल्स दिसतात, विंडोजला लिनक्सच्या आपोआप दिसत नाहीत. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइल्स विंडोजच्या बाजूला ठेवा.

मराठी: कीबोर्ड सेटिंगमध्ये "लेआउट" जोडताना मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारावर चालणारा कागप असे दोन्ही मिळतात. फॉन्टसाठी मुंबईच्याच "एक टाइप"चा "मुक्त" टाका. फुकट आहे आणि स्क्रीनवर छान वाचता येतो.

अपडेट: विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी बूटचा क्रम बदलतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर एका सिक्युरिटी अपडेटनंतर सिक्योर बूट चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरू होईना. अशा वेळी घाबरून पार्टिशन उडवू नका. डेटा जागेवरच असतो, फक्त दारातला बोर्ड बदललेला असतो. लाइव्ह पेन ड्राइव्ह जपून ठेवा, तोच कामाला येतो.

लिनक्स काढायचं असेल तर

आधी बायोसमध्ये जाऊन "विंडोज बूट मॅनेजर" पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज सुरू होतंय हे बघा. त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा आणि "एक्स्टेंड व्हॉल्यूम" ने जागा सी ला परत द्या. क्रम उलटा केलात तर काळ्या स्क्रीनवर नुसतं "ग्रब" दिसेल, कारण बोर्डावर नाव आहे पण खोलीत कोणी नाही.

शेवटचं

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाकुरद्वारच्या त्या लॅपटॉपवर पहिल्यांदा दोन नावांचा मेन्यू आला. बहिणीने मिंट उघडलं, काकांनी नंतर विंडोज उघडून हिशोब जागेवर आहे याची खात्री केली. दोघांचं समाधान झालं.

मी एक्स्टर्नल डिस्क परत एकदा लावली, पंचाहत्तरीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि लालबागला घेऊन आलो. आईने फोटो फोनवर टाकून मागितले. केकऐवजी पुरणपोळी कापतानाचा आजीचा एक आहे, तो आता तिच्या वॉलपेपरवर आहे.

पार्टिशन अवघड नाही. दीड-दोन तासांचं काम आहे. अवघड आहे ते "नेक्स्ट" दाबायच्या आधी वाचणं. तेवढं केलंत तर २०१७ चा लॅपटॉपसुद्धा अजून काही वर्षं सुखाने दोन बिऱ्हाडं सांभाळेल.